उजेडाच्या पेटीतला मासा

सुकलाल आप्पांना ही गोष्ट सांगायची असली की ती सांगावी की नाही याचाच ते आधी घोळ घालतात. आयुष्यभर कॉलेजात कापडाच्या रंगांचं रसायनशास्त्र शिकवलेला माणूस. प्रयोगवहीत उतरलं नाही ते तोंडाने बोलायची सवय नाही. “यातलं मी स्वतः पाहिलं ते थोडंच,” ते म्हणतात. “बाकी पंडितने सांगितलं. पंडित खोटं बोलणारा नव्हे. आयुष्यात एकदाच बोलला, आणि ही गोष्ट तिथूनच निघते.”

परवा सुरतमधल्या कोसाडच्या त्यांच्या इमारतीची वीज गेली. जेवणं आटोपून आप्पा, नातू ललित आणि नात धनश्री गच्चीवर चटई टाकून बसले. आप्पांनी पंच्यात गुंडाळलेली एक बाटली बरोबर आणली होती. ती त्यांनी पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवली. ललितने विचारलं, डुमसच्या किनाऱ्यावरच्या भुताची गोष्ट का?

“डुमसला भुतं बघायला तुझे दोस्त जातात,” आप्पा म्हणाले. “पंडित मासा आणायला गेला होता.”

बुधवार, तेवीस नोव्हेंबर, दोन हजार बावीस. कार्तिकातली अमावास्या. संध्याकाळी सातच्या सुमाराला नवागामच्या खोलीत पंडित ताटावर बसणार तोच फोन वाजला. समुद्रकाठच्या एका कोळीवस्तीतला तांडेल, म्हणजे बोटीचा नाखवा, बोलत होता. तुम्ही सांगून ठेवलेला मासा सापडलाय, म्हणाला. आज न्यायचा तर न्या. उद्या ठेवणार नाही.

पंडितला मासा खायला नको होता. त्याला त्याचा रंग हवा होता.

पंडित आप्पांचा जुना विद्यार्थी, एका डाइंग मिलच्या लॅबमध्ये शेड जमवायचं काम करायचा. व्यापारी कापडाचा तुकडा आणून देतो, हाच रंग पाहिजे म्हणतो. मग वाटीएवढ्या भांड्यांत चार-चार बोटांचे तुकडे उकळायचे, धुवायचे, वाळवायचे आणि मूळ तुकड्याशी लावून बघायचे. ते बघायला लॅबमध्ये एक काळी पेटी असते. तिच्यात चार दिवे आणि चार बटणं. पहिला उजेड दिवसासारखा, दुसरा दुकानातला पांढरा, तिसरा घरातला पिवळा, चौथा जांभळा. एका उजेडात जुळलेला रंग दुसऱ्या उजेडात दगा देतो, म्हणून चारही लावून बघायचे. तरीही रात्री जमलेली शेड रात्री पास करायची नाही. सकाळी खिडकीत, खऱ्या उन्हात धरायची आणि मगच हो म्हणायचं.

हा नियम पंडितला चिंधाने शिकवला. दोघं अमळनेरकडचे, एका गावचे, एकाच वर्षी सुरतला आलेले. चिंधा दोन वर्षांनी मोठा. शिक्षण सातवी, पण डोळा असा की पेटी खोटी पडावी. शेड पास झाली की तो तुकड्याचे दोन भाग करायचा. अर्धा ज्याने रंग मागितला त्याला, अर्धा ज्याने जमवला त्याच्याकडे. त्यासाठी त्याची करवतीसारख्या दातांची कातर होती. तिचा एक दात तुटलेला. त्यामुळे त्याने कापलेल्या प्रत्येक तुकड्याच्या कडेला एका जागी दात नसायचा. पंडित म्हणायचा, नवी घे. चिंधा म्हणायचा, मग माझा तुकडा कोणता हे ओळखणार कसं? कातर कायम खिशात.

आदल्या वर्षी, ऑक्टोबरात, मिलच्या शेठच्या भाच्याच्या मोबाइलवर एका व्यापाऱ्याने त्या माशाचा फोटो पाहिला. भाच्याला मोटरबोट घेऊन खोल समुद्रात जायचं आणि गळाने मोठे मासे ओढायचे, हा नाद होता. तो त्याला माहीमाही म्हणायचा, हॉटेलात चालतं तेच नाव. हातभर लांब, कपाळ उभं भिंतीसारखं, पाठ निळी, कूस हिरवी, पोट सोन्याचं. व्यापारी हटून बसला, लग्नसराईला हीच शेड पाहिजे. पण फोटोवरून शेड जमत नाही, प्रत्येक मोबाइल वेगळा रंग दाखवतो. आणि मासा आणावा तर त्याची तऱ्हा अशी की पाण्याबाहेर काढल्यावर मरता मरता त्याच्या अंगावर रंगांच्या लाटा उठतात आणि काही मिनिटांत तो राखेसारखा होतो. रंग पाहायचा तर बोटीवरच, तो जिवंत असताना पाहायला हवा.

शेठने पंडितला जा म्हणून सांगितलं. पंडितला पाण्याची भीती. लहानपणी विहिरीत पडला होता, तेव्हापासूनची. ते सांगायची लाज वाटली, म्हणून त्या सकाळी त्याने फोन केला की अंगात ताप आहे, उठवत नाही. मग चिंधा गेला. डब्यात शेडचे तुकडे, खिशात कातर.

तो परत आला नाही. बोटीवाले म्हणाले, अंधार पडल्यावर पाय घसरला, खूप शोधलं. देह मिळाला नाही.

देह नाही म्हटल्यावर लोकांच्या जिभेला हाड राहिलं नाही. कुणाला चिंधा वापीत दिसला, कुणाला सेल्वासात, एका बाईबरोबर. पंडित हे सगळं कान देऊन ऐकायचा. हळूहळू स्वतःही सांगू लागला. शेवटच्या आठवड्यात गप्प गप्प असायचा, फोन बाहेर जाऊन घ्यायचा. होतं का खरं तसं? पंडितला नक्की सांगता आलं नसतं. पण संशय धरला की बरं वाटायचं. पळून गेला असेल तर तो जिवंत आहे. आणि तो जिवंत असेल तर पंडितचा ताप कुणाच्या जिवावर उठलेला नाही.

राहिली चिंधाची बायको उज्ज्वला. गावाकडून निरोपावर निरोप, पळसाच्या पानांचा पुतळा करा आणि क्रिया उरका. ती ऐकेना. कुंकू लावायची, दोन ताटं वाढायची. एकदा तिने पंडितला सरळ सांगितलं, “भाऊ, ते गेले म्हणून तुम्ही सांगा. तुम्ही सांगितलं की मी पुसते. दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही.”

तेरा महिने पंडितने सांगितलं नव्हतं.

आणि ती शेड अजून बाकी होती. व्यापारी विसरला, शेठ विसरला, पण पंडितने काठच्या वस्त्यांमधून सांगून ठेवलं होतं की असा मासा आला तर फोन करा. का, ते त्यालाही नीट कळत नव्हतं.

तो स्कूटरने पोचला तेव्हा साडेआठ झाले होते. तांडेल घरासमोर थर्मोकोलची पेटी मांडून बसला होता. बर्फात मासा. राखी. डोळा उघडा. पंडितला वाटलं, हा आपली वाटच बघत बसलाय. मासा नव्हे, तांडेल. पैसे विचारले तर त्याने हात हलवला.

“आ अमे नथी खावाना,” तो म्हणाला. हा आम्ही खाणार नाही. “लई जाव.” घेऊन जा.

पंडितने विचारलं, का? सगळे तर चवीने खातात. तांडेलने उडवाउडवी केली. मग म्हणाला की हे मासे जोडीने असतात. नर ओढला तर मादी बोटीमागे येत राहते. ही रात्रभर आली, अगदी काठाचा दिवा दिसेपर्यंत. तो आणखी म्हणाला, हा मासा उघड्या समुद्रात सापडत नाही. पाण्यावर काही तरंगत असेल, ओंडका, फळी, ताडपत्री, तर त्याच्या सावलीत राहतो.

“मग हा कशाच्या सावलीत होता?” पंडितने विचारलं.

तांडेलने पेटीचं झाकण लावलं. दोरी आवळली.

याला काही माहीत आहे, पंडितच्या मनात आलं. त्या बोटीवर हा होता की काय? चिंधाला काठावर यानेच सोडलं असेल. आता आपल्याला खेळवतोय… परतीच्या वाटेवर सगळा वेळ तो हेच जोडत राहिला. उधन्याच्या सिग्नलला शेजारच्या मोपेडवरच्या बाईने वाकून सांगितलं, भाई, पाछळवाळाने कहो, पग ऊंचा राखे. मागे बसलेल्याला सांगा, पाय वर घ्या. दोरी लोंबत असेल म्हणून पंडितने मागे हात नेला. दोरी घट्ट होती. तो वळेपर्यंत सिग्नल सुटला.

घराकडे न जाता तो मिलमध्ये गेला. बुधवार म्हणजे मिलची सुट्टी. वॉचमनने फाटक उघडलं आणि पेटीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. पंडितने तेही मनात टिपून ठेवलं. लॅबमध्ये शिरल्यावर त्याने आतून कडी घातली, ओढून पाहिली. भिंतीवरच्या घड्याळात दहा चाळीस.

मासा उचलून त्याने उजेडाच्या पेटीत ठेवला आणि पहिलं बटण दाबलं. दिवसासारखा उजेड.

राखी मासा. डोळ्यावर साय. दुसरं काय असणार होतं? पंडितला स्वतःचीच चीड आली. तो स्टुलावर बसला आणि माशालाच म्हणाला, “पळालास ना तू? सांग की.”

काही नाही. पंख्याचा आवाज.

मग शेपटीच्या कडेला हिरवं काहीतरी दिसलं. बर्फाचं पाणी चमकत असेल. त्याने फडक्याने पुसलं. हिरवं गेलं नाही. ते पुढे सरकलं. कुशीवरून. सावकाश, पाण्यात रंगाचा थेंब पसरावा तसं. त्यामागून सोनं आलं. पाठीवर एकेक निळा ठिपका उमटू लागला, कुणी आतून सुई टोचावी तसा…

मासा मेलेला होता. तोंड हलत नव्हतं. कल्ले हलत नव्हते.

रंग तेवढे जिवंत होते.

पंडित उठला. स्टूल मागे पडलं.

आणि बटण वाजलं.

टक.

दुकानातला पांढरा उजेड. पंडितचे हात त्याच्या बाजूला होते. पेटीजवळ कुणी नव्हतं. बटण आत गेलेलं त्याला दिसलं.

कुणीतरी मन लावून बघावं एवढा वेळ गेला. चिंधा प्रत्येक उजेडाला सात श्वास द्यायचा. पंडितने मोजायचं नाही म्हणून ठरवलं, आणि मोजले.

सात.

टक.

पिवळा.

वॉचमन, त्याला वाटलं. वायर ओढली असेल. तांडेल आणि वॉचमन, दोघं मिळालेत… त्याने दाराकडे पाहिलं. कडी होती.

पाच… सहा…

टक.

जांभळा. त्या उजेडात भिंती नाहीशा होतात. पांढरं तेवढं चमकतं. पंडितचा सदरा चमकत होता. पेटीच्या पलीकडे, हवेत, आणखी एका सदऱ्याची बाही चमकत होती… मनगटापर्यंत. मनगटापुढे काही नव्हतं.

“चिंधा…”

बाही हलली नाही.

“माले ताप नव्हता, चिंधा.”

दिवा गेला.

अंधार. खारट वास. आणि अगदी जवळ, कानाच्या उंचीवर, तो आवाज. वीस वर्षं रोज ऐकलेला. दातांची कातर कापडातून जाते तो.

कर्र… कर्र…

मग काही नाही.

पंडितने हात घासत घासत भिंतीवरचं बटण शोधलं आणि ट्यूबलाइट लावली. मासा राखी होता. पेटीत, माशासमोर, चार बोटांचा कापडाचा तुकडा पडला होता. ओला. वर निळा, मधे हिरवा, खाली सोनेरी, आणि एकातून दुसऱ्यात कुठे जातो ते कळू नये असा. एका बाजूने दातेरी कापलेला. त्या कडेला एका जागी दात नव्हता.

त्याने चिंधाचा कप्पा उघडून पाहिला. कातर नव्हती. असणार नव्हतीच. ती खिशात घालून चिंधा बोटीवर गेला होता.

पहाटे तो नवागामला आला तेव्हा गल्लीत नळ आले होते. उज्ज्वला हंडा लावून उभी होती. त्याच्या हातातला तुकडा पाहून तिने हंडा तसाच सोडला. पाणी वाहत राहिलं. दारातल्या बल्बखाली तिने तुकड्याच्या कडेवरून बोट फिरवलं. जिथे दात नव्हता तिथे थांबलं.

पंडितने सगळं सांगितलं. मासा, बटणं, बाही. शेवटी तेही सांगितलं, तिच्या आणि आपल्या घरच्या बोलीत, “माले ताप नव्हता, वहिनी. माले पाणीना धाक वाटे. मी खोटं बोलनू.”

तिने भरून वाहणारा हंडा नळाखालून बाजूला काढला. मग म्हणाली, “रातीचा रंग राती पास करायचा नाही. तेच सांगायचे ना? उजाडू द्या.”

दोघं ओट्यावर बसून राहिली. मधे तुकडा. शेजारणी पाणी भरून गेल्या, लूमवर जाणारे डबे घेऊन निघाले, कुणी काही विचारलं नाही. सातच्या सुमाराला समोरच्या इमारतीवरून ऊन खाली उतरलं. उज्ज्वलाने तुकडा उन्हात धरला. असा. तसा. उलटा.

रंग हलला नाही.

ती आत गेली. बाहेर आली तेव्हा कपाळ मोकळं होतं.

“गावाला कळवा,” ती म्हणाली. “पुतळा करायचा आहे.” आणि तुकडा त्याच्या हातात देत म्हणाली, “हा तुम्ही ठेवा. रंग तुम्ही मागितला होता.”

त्यानंतर ती पंडितशी बोलली नाही. आजतागायत नाही. मासा पंडितने त्याच दिवशी पुलावरून तापीत सोडला.

आप्पा थांबले. पाणी प्यायले. खाली रस्त्यावरून एक रिक्षा गेली, तिचा उजेड गच्चीच्या कठड्यावरून फिरून गेला.

“दुसरा अर्धा तुकडा?” धनश्रीने विचारलं.

“ज्याने रंग जमवला त्याच्याकडे,” आप्पा म्हणाले. “नियमच तसा आहे.”

ललित म्हणाला, पंडितनेच केलं असेल. मन खात होतं, स्वतःच रंगवला, स्वतःच कापला. आप्पांना याचा राग आला नाही. त्यांनाही पहिल्यांदा हेच वाटलं होतं. पंडित तो तुकडा तपासायला त्यांच्याकडे घेऊन आला, तेव्हा त्यांनी त्याला आत चहाला बसवलं आणि त्याच्या पिशवीत तुटक्या दाताची कातर शोधली. त्या गोष्टीची लाज त्यांना अजून वाटते. कातर नव्हती. मग त्यांनी तुकड्याचा धागा काढून माहीत होती ती सगळी द्रावणं लावून पाहिली. रंग सुटला नाही. कोणता रंग आहे तेही कळलं नाही. “पण माझंही चुकलं असेल,” आप्पा म्हणाले. “हात आता थरथरतो. मला रंग ओळखता आला नाही म्हणजे तो रंग जगात नाही, असं होत नाही.”

आणखी एक गोष्ट होती. तुकडा वाळत नव्हता. पंडित तो घरी ठेवायला तयार नव्हता, म्हणून आप्पांनीच ठेवून घेतला.

त्यांनी पंचा सोडला. जाड काचेची, काचेच्याच बुचाची बाटली. बुचाभोवती मेण. आत तुकडा आणि त्याच्याभोवती गच्च भरलेले दाणे. तसले दाणे नव्या चपलांच्या खोक्यात पुडीत असतात, ओल शोषायला. आप्पांचे दाणे प्रयोगशाळेतले होते. कोरडे असले की निळे, ओल लागली की गुलाबी.

“आज सकाळी भट्टीत भाजून नवे भरले,” आप्पा म्हणाले. “निळे. मेण तुझ्यासमोर लावलं, धनश्री. आठवतं?”

तिला आठवत होतं. आज अमावास्या होती, तेही आत्ता आठवलं.

ललितने मोबाइलचा टॉर्च लावला आणि बाटलीवर धरला. मेण अखंड होतं. आतले दाणे बघायला तो आणखी खाली वाकला. धनश्रीही वाकली. आप्पांनी हात पुढे करून टॉर्चवर तळवा ठेवला.

“मोबाइलच्या उजेडाचं काही खरं नाही,” ते म्हणाले. “माझी नजरही आता… उजाडू दे. मग बघू.”

पावणेतीनला वीज आली. कुणी खाली गेलं नाही. तिघं बाटली मधे ठेवून बसून राहिले.

सात वाजता ऊन कठड्यावरून चटईवर आलं.

दाणे गुलाबी होते.